इंदूमावशींची न्हाणी

लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने मला विचारलं, "बाथरूममध्ये कुणाशी बोलत होतीस?" मी म्हटलं, कुणाशीच नाही. "मघाशी चांगली मोठ्याने ओ दिलीस की. मी तर हाकही मारली नव्हती." खरंच त्याने हाक मारली नव्हती. पुण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये मला कुणीच हाक मारली नव्हती. पण अंगावर दोन तांबे पाणी पडलं की माझ्या तोंडून आपोआप 'ओ' निघते. आजही निघते. ही सवय मला कोल्हापूरच्या इंदूमावशींनी लावली. ती सुटावी म्हणून मी कधी प्रयत्न केला नाही. खरं सांगायचं तर ती सुटली तर मला भीती वाटेल.

मी एम.एस्सी.ला कोल्हापूरला आले तेव्हा वसतिगृहात माझा नंबर लागला नाही. अब्बांचं गडहिंग्लजला शिलाईचं दुकान. ऐन हंगामात दुकानाला कुलूप लावून ते माझ्याबरोबर एसटीने आले आणि आम्ही खोल्या बघत फिरू लागलो. खोली बघत फिरणं हा काय प्रकार असतो ते फिरल्याशिवाय कळत नाही. एका ठिकाणी एका खोलीत चार कॉट, खिडकी एकही नाही, आणि भाडं ऐकून अब्बांनी मालकाला विचारलं, "कॉटचं सांगताय का अख्ख्या घराचं?" एका ठिकाणी खोली झकास होती, पण जिन्यात मालकाचा मुलगा मोबाईल घेऊन बसलेला होता आणि आम्ही वर जाईपर्यंत आणि खाली येईपर्यंत त्याने माझ्यावरची नजर हलवली नाही. अब्बा शिंपी माणूस. त्यांनी त्याचं माप जाता जाताच घेतलं. तिसऱ्या घरी सगळं जमलं, चहा झाला, आणि मग मालकीणबाईंनी नाव विचारलं. मी शबाना म्हटल्यावर त्यांना एकदम आठवलं की ती खोली कालच गेली. बाहेर येऊन अब्बांनी फाटकावरची 'मुलींसाठी खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी वाचली आणि आत वळून म्हणाले, "काल गेली तर पाटी उतरवा की वहिनी. आमच्यासारखी माणसं उगंच चढ चढून येत्यात."

विनोद करत होते, पण उन्हात त्यांचा चेहरा उतरत चालला होता. खोली मिळाली नाही तर माझं शिक्षण तिथंच थांबणार होतं. रोज गडहिंग्लजहून येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, आणि प्रयोगशाळेचं काम घरी बसून होत नाही. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्यावर बोलत नव्हतो.

शेवटी एका चहाच्या गाड्यावरचा माणूस म्हणाला, "विद्यापीठाच्या पाठीमागं इंदूमावशीकडं बघा. तिच्याकडं खोली रिकामी आसतीच." 'आसतीच' म्हणताना त्याने आमच्याकडे बघायचं टाळलं आणि तो ग्लास विसळू लागला. तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

घर वस्तीच्या शेवटाला होतं. पलीकडे उसाचं एक शिल्लक राहिलेलं रान आणि अलीकडे एक तीनमजली इमारत, या दोहोंच्या मध्ये. चार खोल्यांची रांग, पुढे फरशीचं अंगण आणि अंगणाच्या टोकाला शेजारी शेजारी दोन न्हाण्या. न्हाण्यांच्या मागे, त्यांना न चिकटता, हात-दोन हात जागा सोडून विटांची एक उंच भिंत एकटीच उभी होती. तिला ना छप्पर ना दार. कशासाठी बांधली असेल ते मला तेव्हा उमगलं नाही.

मावशी दारातच भेटल्या. ठेंगणी, काटक बाई, कपाळ मोकळं, आणि आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. "या पावणं, पानी घ्या," म्हणून त्यांनी तांब्या पुढे केला. अब्बांनी खोली दाखवा म्हटलं तसा त्यांनी हात वर केला.

"खोली दावायच्या आदी एक सांगते. ते ऐका, मग बघा. हितं एक पोरगी गेली. त्या डाव्या न्हानीत. गॅसचा गिझर हुता आनि खिडकीला फळी ठोकलेली. फळी मी ठोकून घेतलती. पोरीनं आतनं कडी लावली, गॅस आतच कोंडला. ना धूर, ना वास. बसल्या जागी गेली. आता गिझर न्हाय, फळी बी न्हाय. भाडं कमी हाय ते त्याच्यामुळं. ठेवायची तर ठेवा, न्हायतर च्या पिऊन जावा."

हे सगळं त्या एका दमात, एका पट्टीत बोलल्या. पुढे दोन वर्षांत मी हे बोलणं कितीदा ऐकलं. खोली बघायला आलेल्या प्रत्येक आईबापाला त्या हेच सांगायच्या, याच शब्दांत, याच क्रमाने. निम्मे लोक चहाही न घेता उठायचे. म्हणून त्यांच्याकडे खोली रिकामी 'आसतीच'.

अब्बा पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही नाव विचारलं न्हाई."

"इचारते की. काय ग नाव?"

"शबाना मुल्ला," मी बोलायच्या आधी अब्बाच बोलले. आडनाव जरा जोरातच उच्चारलं. दिवसभराचा राग त्यात होता.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "शबाना. हाक मारली की ओ देशील न्हवं?"

"देईन."

"मग झालं की."

अब्बांनी खोली नुसती डोकावून बघितली. न्हाण्या मात्र नीट बघितल्या. दारं खालून वीतभर कापून टाकलेली. खिडकीच्या जागी तावदान नाही, पल्ला नाही, नुसती जाळी. अब्बांनी जाळीपुढे तळहात धरला आणि वारा येतोय का बघितलं. मग त्यांना ती भिंत कळली, आणि त्यांच्यामागून मला. शेजारच्या इमारतीतून कुणाला दिसू नये म्हणून ती भिंत, आणि वारा यावा म्हणून ती न्हाणीपासून लांब. परतीच्या एसटीत चढताना अब्बा म्हणाले, "आज सगळ्यांनी आपापलं चांगलंच सांगितलं. हिनं एकटीनं वाईट सांगितलं. ऱ्हा तिच्यात."

अशी मी इंदूमावशींच्या घरी राहायला गेले. स्वस्त होतं, सुरक्षित होतं, आणि त्या घरात एक मुलगी मेलेली होती. पहिले काही दिवस मला यातलं फक्त शेवटचंच आठवत असे.

सकाळ व्हायची ती बंबाच्या धुराने. गिझर गेल्यापासून मावशी बंबावर पाणी तापवायच्या. बंबात उसाची वाळकी चिपाडं सारत त्या न्हाण्यांसमोर स्टुलावर बसायच्या आणि मुली एकेक करून बादली घेऊन जायच्या. कडी लागली की थोड्या वेळाने पहिली हाक. "शबानाऽ!" आतून 'ओ' द्यायची. मग मध्येच दुसरी. ती कधी येईल याचा नेम नसायचा. डोळ्यांत साबण असला तरी ओ द्यायची, तोंडात पाणी असलं तरी द्यायची. नुसतं हुं केलं तर बाहेरून दारावर थाप पडायची, "नीट बोल! घशात काय बोळा कोंबलाय व्हय?" आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. सर्दी झालेली कळायची, रात्री अभ्यास केलेला कळायचा. एकदा बिद्रीची एक मुलगी नापास झाली आणि कुणाला कळू नये म्हणून न्हाणीत जाऊन रडत होती. बाहेरून अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी चौकशी आली, "रडायलीस व्हय ग? बाहीर येऊन रड. आत नगं."

आम्हाला लाज वाटायची. इमारतीतल्या पोरांनी त्याची नक्कलही सुरू केली होती. आम्ही रस्त्याने जाऊ लागलो की वरून कुणीतरी आमच्या नावाने हाक मारायचं आणि दुसरं कुणीतरी बायकी आवाजात ओ द्यायचं. मावशींना हे ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, "हसू द्यात. हसून कोन मरत न्हाय."

एकदा मी त्यांना विचारलं की पाण्याचा आवाज येत असतोच, मग हाक कशाला. त्या चिपाडं मोडत होत्या. मोडायचं थांबवून म्हणाल्या, "त्या दिवशी बी पानी पडत हुतं. मला वाटलं केस धुतीया. पानी पडतंय म्हनून मी भाकरी थापत बसले. सगळ्या भाकरी झाल्या, तवा उतरवला, तरी पानी पडतच हुतं." मग पुन्हा चिपाडं मोडू लागल्या. त्यानंतर मी पाण्याचा विषय काढला नाही.

त्या मुलीचं नाव त्यांनी आमच्यासमोर कधी घेतलं नाही. कायम 'एक पोरगी'. डाव्या न्हाणीत जायला आम्ही घाबरायचो, उजवीपुढे रांग लावायचो. मावशी कुणाला बळजबरी करायच्या नाहीत. त्या स्वतः मात्र डावीतच अंघोळ करायच्या. एका सकाळी मला वाटलं, आपण सगळ्या ओ देतो, यांना कोण हाक मारतं? मी दारापाशी जाऊन "मावशीऽ" म्हटलं. आत पाणी थांबलं. काहीच उत्तर आलं नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारणार तेवढ्यात आतून हळू आवाज आला, "मला न्हाय हाक मारायची. मी गेले तर गेले." त्या आवाजात चिडचिड नव्हती, तेच मला सोसलं नाही.

गल्लीत त्या घराबद्दल नाही नाही ते बोललं जायचं. दुपारच्या वेळी डाव्या न्हाणीत आपोआप पाणी पडतं म्हणे. कामाला येणाऱ्या बाईने हे मावशींच्या तोंडावर सांगितलं. मावशी म्हणाल्या, "भूत आसतं तर बरं झालं आसतं की. हाक मारली आसती, तिनं ओ दिली आसती." बाई दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

कुणाच्याही घरी गेल्या तरी मावशी आधी न्हाणी बघायच्या. हळदीकुंकवाला गेल्या तरी, बारशाला गेल्या तरी. बायका म्हणायच्या, इंदू आली, पहिल्यांदा तिला न्हाणी दाखवा, त्याबिगर तिच्या घशाखाली च्या उतरत न्हाय. आमच्यातली एक मुलगी नव्या पीजीमध्ये राहायला गेली, तेव्हा मावशी तिचं सामान पोचवायच्या निमित्ताने माझ्यासकट तिकडे गेल्या. तिथे सगळंच चकचकीत. दारात कॅमेरा, अंगठा लावल्याशिवाय फाटक उघडत नाही. मालक मोठ्या उत्साहाने सगळं दाखवत होता. मावशी थेट बाथरूममध्ये शिरल्या आणि आतून त्यांचा आवाज आला, "पावणं, वारं कुठनं येतंय हितं?"

"एक्झॉस्ट फॅन आहे की, मावशी."

"लाईट गेल्यावर?"

"इन्व्हर्टर आहे."

"आनि पोरीनं पंखा लावला न्हाय तर?"

मालक हसला. म्हणाला, एवढं कुणी विचारत नाही हो, लोक फक्त कॅमेरा आहे का विचारतात. मावशी बाहेर आल्या. "मला बी कुनी विचारलं न्हवतं," त्या म्हणाल्या. पुढे महिनाभर त्या रोज सकाळी त्या मुलीला फोन करायच्या. मुलीने शेवटी फोन उचलायचं बंद केलं, तर या चालत तिच्या पीजीच्या फाटकापर्यंत जाऊन आल्या.

स्नेहल नावाची सांगलीची मुलगी आमच्याकडे आली ती चांगली तिखट होती. तिला हा ओ देण्याचा प्रकार बावळटपणाचा वाटायचा. एकदा तिने ठरवलं, आज ओ द्यायची नाही, बघू म्हातारी काय करते. मावशींनी हाक मारली. आतून काही नाही. दुसरी हाक. काही नाही. आम्ही अंगणात दात घासत होतो आणि आम्हाला ही चेष्टा आहे हे कळत होतं, थोडं हसूही येत होतं. मावशींनी तिसरी हाक मारली नाही. भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि दारावर घातली. दुसऱ्या घावाला कडी उचकटली. स्नेहल आत साबणाच्या फेसात उभी, टॉवेल घट्ट धरून किंचाळत होती. मावशींनी तिला नखशिखान्त बघितलं. पहार खाली ठेवली आणि अंगणात मटकन बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. सुताराने दार नीट केलं. पुढे सगळ्यांत मोठ्याने ओ द्यायची ती स्नेहल. पार इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईल अशी.

मावशींचा मुलगा पुण्यात असायचा. तो फोनवर म्हणायचा, जागा विकून टाक, बिल्डर मागे लागलाय. मावशींना आयुष्याकडून फार काही नको होतं. आपल्या न्हाणीत गेलेली प्रत्येक पोरगी चालत बाहेर यावी, एवढंच. जागा विकली तर कोण कुणाला हाक मारणार, हा त्यांचा प्रश्न होता.

वर्षातून एकदा गगनबावड्याकडचे एक गृहस्थ यायचे. तात्या म्हणायचे सगळे. उंच, वाकलेला माणूस, डोक्याला टोपी. फणस, नाचणीचं पीठ, कधी मध, असं काहीबाही पिशवीत असायचं. ते दिसले की मावशी स्वयंपाकघरात जायच्या आणि ते जाईपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. आम्ही चहा द्यायचा. तात्या अंगणात डाव्या न्हाणीकडे पाठ करून बसायचे, चहा प्यायचे आणि उठायचे. त्या गेलेल्या मुलीचे ते वडील. हे मला पहिल्याच वर्षी जुन्या मुलींकडून कळलं. ते जायला उठले तेव्हा मावशींनी आतून सांगितलं, "शबाना, तात्यास्नी बसपातूर सोडून ये. पिशवी धर त्यांची."

बसथांब्याजवळ आल्यावर ते एकदम म्हणाले, "फळी मी ठोकून घेतली आसं सांगती व्हय अजून?"

मी हो म्हटलं.

"मी सांगितलंतं तिला," तात्या म्हणाले. "त्या बिल्डिंगीतली पोरं गॅलरीत उभी ऱ्हायाची. वैशालीनं एकदा बोलता बोलता सांगितलं. माझं डोस्कं फिरलं. मी येऊन म्हनलो, खिडकीला आजच्या आज फळी ठोका, न्हायतर पोरगी घरला नेतो. ह्या बाईनं माझ्यासमोर सुतार बोलवला. मी फळी हलवून बघितली, घट्ट बसली का म्हनून." त्यांनी हात हवेत धरून ती फळी हलवल्यासारखं केलं. "पोलिसांस्नी हिनं स्वताचं नाव सांगितलं. माझं न्हाय. माझ्या घरात अजून ठाऊक न्हाय. वैशालीची आई रोज ह्या बाईला शिव्या देती. मी ऐकतो."

बस आली. पिशवी घेताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी परत आले तर मावशी अंगणात उभ्या होत्या. "काय बोलला तो?" मी म्हटलं, काही नाही. "बरं," त्या म्हणाल्या, आणि नाचणीचं पीठ डब्यात ओतायला लागल्या. त्या दिवसापासून मला त्यांच्या 'फळी मी ठोकून घेतलती' या वाक्याने दरवेळी अंगावर काटा यायचा. हे वाक्य त्या तात्यांच्या घराला राखण म्हणून बोलत होत्या, आणि ते बोलता बोलता त्यांचा स्वतःचाही त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. फळी आपल्याच मनाने ठोकून घेतली, असं त्यांना खरंच वाटायचं.

माझी परीक्षा संपली, प्रोजेक्टचं थोडं काम उरलं होतं. जून महिना होता, पाऊस उघडला होता. दुपारी मावशी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसले होते. फाटक वाजलं. तात्या होते. हा त्यांच्या येण्याचा काळ नव्हता. त्यांच्यामागे हातात फाईल धरलेली एक मुलगी होती, आणि तिच्यामागे एक बाई. ती फाटकाबाहेरच थांबली. तिने घराकडे बघितलं नाही, खोल्यांकडे बघितलं नाही. अंगणाच्या टोकाला बघत राहिली. ती कोण हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

मावशींना आत जायला वेळच मिळाला नाही. सूप हातात तसंच धरून त्या उभ्या राहिल्या.

तात्या फरशीकडे बघत म्हणाले, "धाकटी हाय, रूपाली. हितं ॲडमिशन मिळालंय. होस्टेलला नंबर लागला न्हाय. दोन दिस फिरतोय. हिची आईच म्हनली, त्या बाईच्यात बघू."

"खोली दावा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी कोरडा होता.

मला वाटलं मावशी म्हणतील खोली नाही. दोन खोल्या रिकाम्या होत्या, तरी तसं म्हटलं असतं तर कुणी त्यांना दोष दिला नसता. निदान आज तरी त्या ते नेहमीचं बोलणार नाहीत असं वाटलं. इथे कुणाला काय सांगायचं होतं? पण मावशींनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि त्या बोलायला लागल्या.

"खोली दावायच्या आदी एक सांगते. ते ऐका, मग बघा. हितं एक पोरगी गेली. त्या डाव्या न्हानीत." तेच शब्द, तोच क्रम. गिझर, फळी, कडी, बसल्या जागी. मला कान झाकून घ्यावेसे वाटले. ज्या बाईने ती पोरगी जन्माला घातली तिला त्या हे सांगत होत्या, आणि ती बाई एकेक शब्द ऐकून घेत होती. "फळी मी ठोकून घेतलती," मावशी म्हणाल्या.

"न्हाय," तात्या म्हणाले.

"तात्या, गप ऱ्हावा."

"न्हाय. मी सांगितलंतं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "फळी मी ठोकायला लावली. न्हायतर पोरगी घरला नेतो म्हनलो. ह्या बाईचं कायबी न्हाय त्याच्यात. सगळं माझं हाय."

बाईंनी नवऱ्याकडे मान वळवली नाही. रूपालीने फाईल छातीशी धरली. बाई मावशींनाच म्हणाल्या, "कंची म्हनला न्हानी?"

मावशींनी हात केला. बाई अंगणातून चालत गेल्या, डाव्या न्हाणीत शिरल्या आणि आतून कडी लावली. दाराच्या खालच्या फटीतून त्यांची पावलं दिसत होती. चपलांना दोन दिवसांच्या फिरण्याचा चिखल होता. मग त्या खाली बसल्या. फटीतून लुगड्याचा काठ तेवढा दिसायला लागला. आवाज कसलाच नाही.

कितीतरी वेळ गेला. तात्या फाटकाला धरून उभे होते. त्या दारापुढे मावशींनी इतक्या वर्षांत इतक्या हाका मारल्या होत्या, आणि आता त्या दाराजवळ जाऊन नुसत्याच उभ्या होत्या. कुठल्या नावाने हाक मारायची हे त्यांना समजत नव्हतं. खेड्यात बाईला लेकराच्या नावाने हाक मारतात. लेकरं दोन होती.

"वैशालीची आई," मावशी म्हणाल्या. हे नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आवाज नीट फुटला नव्हता, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, "वैशालीची आई, बोला कायतरी. बोला हो."

आतून काही आलं नाही. मग बाईंचा आवाज आला, "हितं वारं येतंय."

थोड्या वेळाने पुन्हा, "चांगलं वारं येतंय हितं." आणि त्या रडायला लागल्या. मावशी दाराला पाठ लावून बाहेर फरशीवर बसल्या. आत एक बाई आणि बाहेर एक.

बाई बाहेर आल्या तेव्हा तोंडावर पाणी मारलेलं होतं. मावशी उठून उभ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, "मी तुमास्नी माफ करायला आले न्हाय."

"व्हय," मावशी म्हणाल्या.

"ह्यास्नी बी न्हाय."

"व्हय."

"दोन दिस समदं शहर बघितलं. सगळ्यांच्या न्हान्या डब्यागत बंद. कुनी कायबी सांगंना, नुसतं कॅमेरा हाय, कॅमेरा हाय. पोरगी हितंच ऱ्हाईल." मग म्हणाल्या, "पोरीस्नी हाका मारता म्हनं. हाक चुकवू नगा."

त्या घरचं पाणीही न घेता त्या फाटकाकडे निघाल्या. रूपाली आईबरोबर गेली; तात्या मागून गेले, पण बरोबरीने चालले नाहीत. वळणापर्यंत मी बघत होते. त्यांच्यातलं अंतर शेवटपर्यंत तेवढंच राहिलं.

तीन-चार दिवसांनी मी निघाले. आदल्या संध्याकाळीच रूपाली सामान घेऊन राहायला आली होती. सकाळी अब्बा रिक्षा घेऊन आले आणि माझं सामान बांधत होते. मावशी बंबापुढे होत्या. मी त्यांचा निरोप घ्यायला गेले तेवढ्यात रूपाली बादली घेऊन आली. दोन न्हाण्यांच्या मध्ये क्षणभर थांबली आणि डावीत गेली. कडी लागली. मावशींनी मला हाताने थांब म्हटलं. हाकेची वेळ झाली होती.

त्यांनी तोंड उघडलं. नाव आलं नाही. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं. त्या वस्तादाच्या आवाजातून साधा 'रू'सुद्धा निघेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेची मला अजून भीती वाटते. आपण हाक मारावी असं मला वाटलं, पण ती माझी हाक नव्हती.

आतून पाण्याच्या आवाजावर चढलेला पोरीचा आवाज आला, "मावशी, हाय मी! हाय!"

मावशींनी भिंतीचा आधार घेतला. "व्हय ग बाई," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की ते आत जाणं शक्यच नव्हतं. अब्बा फाटकातून मला बोलवत होते. मी "येते, मावशी" म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांची नजर दारावर होती. दुसरी हाक अजून मारायची होती, आणि त्या ओठांतल्या ओठांत ते नाव म्हणून बघत होत्या.